टाचेखालची लोकर

त्या वर्षी जून अर्धा सरला तरी थंडी पडेना. पृथ्वीच्या दक्षिणेकडच्या आमच्या मुलखात जून म्हणजे ऐन हिवाळा, आणि आमच्या वाय्लापाता गावात थंडी ही काही हौसेची गोष्ट नाही. बटाटा निघाला की बारका माल माळावर पसरायचा. रात्री तो दगडासारखा गोठतो, दिवसा उन्हात सुटतो. असं काही रात्री झालं की सकाळी अनवाणी पायांनी तो तुडवायचा, पाणी काढायचं, वाळवायचं. त्याला आम्ही चुन्यो म्हणतो. काळा, हलका, सुपात घोळवला तर खडखड वाजणारा. एकदा केला की वर्षानुवर्षं टिकतो आणि पाऊस रुसला तरी चूल पेटती राहते. पण थंडीच पडली नाही तर बटाटा गोठत नाही, नुसता मऊ पडतो आणि त्याला वास सुटतो.

सेवेरोचा बटाटा माळावर तसाच पसरून होता. त्याची बायको बेनिता रोज सकाळी जाऊन एक-दोन बटाटे बोटांनी दाबून बघायची आणि आभाळाकडे तोंड करून काहीतरी पुटपुटायची. पोट पुढे आलेलं, सातवा महिना. पाठीवर रंगीत फडक्यात बांधलेली नेलिदा. नेलिदा दोन वर्षांची होत आली होती. त्या वयाची पोरं आमच्याकडे मेंढरांमागे धावतात. ही अजून पाठीवर होती.

पोर चालत नव्हती असं नाही. वर्षाच्या सुरुवातीलाही ती भिंत धरून, आजीचा घागरा धरून चालायची. पण प्रत्येक पावलाला एका बाजूला झुकायची, लग्नातून परतणाऱ्या माणसासारखी. गावाला तेवढं पुरे होतं. शेजारची कासिमिरा विहिरीवर म्हणायची, "बेनिता, पोरीला दुधाऐवजी मक्याची दारू पाजतेस की काय?" बाया हसायच्या. बेनिताही हसायची, कारण न हसलं तर दुसऱ्या दिवशी ती थट्टा दुप्पट होऊन परत येते. मग घरी येऊन भांडी आपटायची.

घरात तिची सासू हुलियाना. म्हातारीचे हात असे, की अर्ध्या गावाला तिनेच गुंडाळलेलं. मूल जन्मलं की तिसऱ्या दिवशी हुलियानाला बोलावणं यायचं. ती मऊ फडकं पसरायची, बाळाचे हात अंगाला लावायची, पाय ओढून सरळ एकमेकांना जुळवायची आणि विणलेल्या लांब पट्ट्याने खांद्यापासून घोट्यापर्यंत घट्ट वेढे द्यायची. बाळ ओंडक्यासारखं सरळ व्हायचं आणि गप्प झोपायचं. न बांधलेलं मूल मोठेपणी ढिलं निघतं, त्याचे पाय फाकतात, त्याला काम होत नाही, ओझं उचलवत नाही, असं आमची माणसं मानतात. आठ-नऊ महिने तसं बांधायचं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. आमच्याकडे पाळणा नाही, आणि पाय तर गुंडाळलेले. दिसणार काय, कपाळ?

नेलिदाचा पट्टा हुलियानाने स्वतः विणला होता. पहिली नात म्हणून तिने त्यात लाल धाग्याने पक्षी काढले होते. इतका सुंदर पट्टा तिने सेवेरोसाठीही विणला नव्हता, असं ती स्वतःच सांगायची. आता दुसऱ्या बाळासाठी नवा पट्टा मागावर चढला होता. दुपारी उन्हात बसून ती विणायची आणि नेलिदा तिच्या गुडघ्याला धरून उभी राहायची, एक टाच जमिनीला, दुसरी अधांतरी.

शहरातली माणसं आली होती फेब्रुवारीत, पावसाळ्यात. लाल जीप चिखलात रुतली, ती ढकलायला अख्खा गाव गेला. म्हणजे ओळख तिथेच झाली. त्यांना बघायचं होतं की लहान मुलं अनवाणी लवकर आणि नीट चालतात की बूट घालून. लोरेना नावाची तरुण बाई त्यांची पुढारी. तिने शाळेत सगळ्या आयांना बसवून मास्तरांकरवी आमच्या आयमारा भाषेत सांगितलं, की आम्ही बघायला आलोय, बरं करायला नाही, आम्ही औषधं देत नाही, ज्याला यायचं त्याने आपल्या खुशीने यावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण पांढरा डगला घातलेलं माणूस पोराच्या पायाला हात लावतंय म्हटल्यावर ते डॉक्टर नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? बेनिता सगळ्यांत आधी उठली.

त्याच दिवशी तिने लोरेनाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की माझी पोर मागे आहे, बघा जरा. बेनिताला स्पॅनिश येतं, लग्नाआधी ती शहरात धुणीभांडी करायची. लोरेनाने नेलिदाच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, प्रत्येक मुलाची वेळ वेगळी असते, काळजी करू नका. बोलली ते काही खोटं नव्हतं. पण त्या दिवशी तिने नुसता गाल बघितला.

बूट कुणाला आणि अनवाणी कोण, हे पिशवीतून मक्याचा दाणा काढून ठरायचं. पांढऱ्याला बूट, काळ्याला काही नाही. कासिमिराच्या पोराला काळा दाणा आला. ती तिथल्या तिथे म्हणाली, अनवाणी तर तो घरीही फिरतो, त्यासाठी जीप कशाला हवी होती? बेनिताच्या हाताला पांढरा लागला. छोटे निळे कापडी बूट, पांढऱ्या तळव्याचे. तिने ते घरी नेईपर्यंत छातीशी धरले होते. तिला वाटलं, देवाने औषध दिलं.

पण बुटाने काही झालं नाही. लोरेना दर काही आठवड्यांनी यायची. शाळेच्या फरशीवर काळं कापड अंथरायची आणि मुलांना खडूच्या पुडीत पाय बुडवून त्यावरून चालवायची. अनवाणी मुलांचे अनवाणी ठसे, बूटवाल्यांचे बुटांचे. नेलिदा कापडाच्या टोकाला उभी राहून रडायची. मग मास्तर एकदा बोलून गेले, की जी मुलं पावसाळ्यानंतरही चालणार नाहीत त्यांना गाळतील, कारण त्यांच्या कामाला ती उपयोगाची नाहीत. मास्तरांना बोलायची सवय आहे, ते बोलले आणि विसरले. बेनिता विसरली नाही. तिच्या डोक्यात बसलं, की पोरीला गाळलं तर डॉक्टर गेले, आणि डॉक्टर गेले तर पोर अशीच राहिली.

घरी येऊन तिने सासूला हे सांगितलं. हुलियानाने नेलिदाला मांडीवर आडवी घेतली, दोन्ही पाय ओढून जुळवले, जसे ती बांधताना जुळवायची तसेच, आणि टाचा बघितल्या. एक टाच दुसरीपेक्षा वर राहत होती. म्हातारीने पुन्हा ओढून बघितलं. पुन्हा तेवढीच.

मग ती उठली आणि मेंढीच्या लोकरीचा एक गोळा आणला. हातावर पाणी घेऊन, चोळून चोळून त्याची घट्ट चकती केली आणि डाव्या बुटात टाचेखाली घातली. बूट चढवला. नेलिदाला उभी केली.

"हात सोडा आई, पडेल ती," बेनिता म्हणाली.

"पडली तर माती आहे खाली. सोन्याची फरशी नाही."

नेलिदा पडली नाही. थोडी डुलली, आणि मग आपल्याच पायांवर चुलीपासून दारापर्यंत गेली. दाराशी सेवेरो मोळी घेऊन येत होता. त्याने मोळी तिथेच टाकली. त्या संध्याकाळी म्हातारीने कोंबडी कापायला लावली. आमच्याकडे कोंबडी उगाच कापत नाहीत.

पुढच्या वेळी नेलिदा काळ्या कापडावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेली. बुटांचे दोन्ही ठसे सारखे, पूर्ण, पांढरेशुभ्र. लोरेनाने टाळ्या वाजवल्या आणि पोरीला उचलून घेतलं. बेनिता आणि हुलियाना भिंतीशी बसल्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. विहिरीवर कासिमिराचं तोंड बंद झालं, तेही काही कमी सुख नव्हतं. आता पोर डॉक्टरांच्या हातात आहे, डॉक्टर बघतायत, आता सगळं होईल, असं बेनिताला खरोखर वाटत होतं. ज्याला दाखवायचं त्याच्यापासूनच आपण झाकतोय, हे तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नसतं.

जूनमध्ये, बटाटा माळावर नासत असताना, शेवटचा दिवस आला. त्या दिवशी सगळ्या मुलांनी अनवाणी चालायचं होतं, बूटवाल्यांनीसुद्धा. हे सुरुवातीला सांगितलेलं होतं, पण कुणाच्या लक्षात राहिलंय! लोरेनाने नेलिदाचे बूट काढले. बेनिताने हात पुढे केला आणि मागे घेतला.

नेलिदा चालली. दोन महिन्यांची सवय, त्यामुळे न रडता चालली, पण तीच जुनी चाल, एका बाजूला झुकत. काळ्या कापडावर उजव्या पायाचा ठसा पूर्ण उमटला. डाव्याची नुसती बोटं. पुन्हा उजवा पूर्ण, पुन्हा डाव्याची बोटं. सगळं कापडभर तसंच. शाळेत पोरांचा कलकलाट चालला होता.

लोरेनाने डावा बूट उचलला, उलटा केला. लोकरीची चकती फरशीवर पडली. पायाखाली दबून ती भाकरीसारखी चपटी झाली होती.

लोरेना रागावली नाही. तिने नेलिदाला मास्तरांच्या टेबलावर झोपवलं, गुडघे वाकवून जुळवले. एक गुडघा खाली राहिला. पाय बाजूला उघडून बघितले. उजवा उघडला, डावा अडला. लोरेनाचा चेहरा उतरला. तिने मास्तरांमार्फत विचारलं, लहानपणी हिला कसं बांधायचात?

हे ऐकून हुलियाना उठली. तिला वाटलं, एवढ्या दिवसांत प्रथमच कुणीतरी तिच्या कामाचं विचारतंय. तिने खांद्यावरची शाल काढून तिची गुंडाळी केली, तिला बाळ केलं आणि टेबलावर ठेवलं. कमरेचा पट्टा सोडला. मग सावकाश, प्रेमाने करून दाखवलं. हात असे. पाय असे, ओढून, सरळ, एकमेकांना चिकटून. मग वेढे. "सैल बांधलं तर मूल रात्री दचकतं," ती लोरेनाला सांगत होती. "घट्ट हवं. तुझं बोटसुद्धा आत जाता कामा नये. बघ घालून." तिने लोरेनाचं बोट धरून वेढ्याखाली घालायचा प्रयत्न केला. ते गेलं नाही. म्हातारी हसली. लोरेनाने ओठ दाबून मान हलवली.

मग तिने बेनिताला बाहेर मैदानात नेलं आणि स्पॅनिशमध्ये सांगितलं. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत बसलेला नाही. जन्मतः थोडा सैल असेल, पुष्कळ मुलांचा असतो. पाय मोकळे, फाकलेले ठेवले तर बहुधा आपोआप बसतो. सरळ ओढून बांधले तर बाहेर राहतो. पहिल्या काही महिन्यांत कळलं असतं तर नुसत्या पट्ट्यांनी पाय फाकवून ठेवून काम झालं असतं. आता शहरात चिरावं लागेल, मग कित्येक महिने कमरेपासून प्लास्टर, तरीही चाल पूर्ण सुधारेल असं सांगता येत नाही. आमच्या कामात ते बसत नाही. मी डॉक्टरचं नाव देते. आणि नेलिदाला आमच्या मोजणीतून काढावं लागेल.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला," बेनिता म्हणाली.

"हो. सांगितलं होतं," लोरेना म्हणाली. "मी चार महिने पावलांकडेच बघत राहिले."

"दोन महिन्यांपूर्वी ही लोकर नसती तर?"

"तेव्हाही उशीरच झाला होता," लोरेना म्हणाली. ते खरं होतं की दया होती, ते तिचं तिला माहीत. जाताना तिने बेनिताच्या पोटाकडे बघितलं. "ह्या बाळाला असं बांधू देऊ नका. पाय मोकळे ठेवा. तुमच्या सासूबाईंना मी सांगू का?"

"नको," बेनिता म्हणाली. "मी बघते."

बूट त्यांनी परत घेतले नाहीत.

घरी येताना हुलियाना पुढे, पाठीवर नात, अजून खुशीत. शहरातली बाई शिकायला तयार आहे, असं तिचं मत झालं होतं. घरी पोचल्यावर तिने विचारलं, ती बाहेर काय म्हणाली? बेनिता म्हणाली, पोरीला थंडी बाधलीय म्हणाली. "थंडी?" म्हातारी म्हणाली. "यंदा कुठे आहे थंडी?" आणि मागावर जाऊन बसली.

सेवेरोला बेनिताने सगळं सांगितलं, आईचा भाग सोडून. तो बराच वेळ दोरी वळत राहिला. शहरात त्याचा भाऊ आहे, त्याच्याकडे राहता येईल, पण तू अशी अवघडलेली, कित्येक महिने तिथे राहणार कोण, इथे मेंढरं कोण बघणार, असं एकेक तो बोलत गेला आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यात सोडत गेला. शेवटी म्हणाला, चुन्यो होऊ दे, बाळ होऊ दे, मग बघू. आमच्याकडे 'मग बघू' म्हणजे काय, ते बेनिताला ठाऊक होतं. तिला त्याचा रागही आला नाही. राग यायला दुसरा काही उपाय तरी हातात हवा.

आणि मग त्याच आठवड्यात थंडी पडली, मेलीने मुहूर्त बघून यावं तशी. आभाळ निवळलं, माळ पांढरा झाला, डबक्यात मेंढ्यांना तोंड घालवेना. नासायचा तो बटाटा नासला होता, उरलेला गोठला. सकाळी ऊन वर आल्यावर सगळी माळावर गेली. सुटलेल्या बटाट्यांचे लहान ढीग घातले आणि अनवाणी त्यावर चढली. बर्फाचं पाणी बोटांमधून वर येतं. आधी पाय जळतात, मग पाय आपले राहत नाहीत.

नव्याने चालायला लागलेल्या पोराला सेवेरोच्या घरात पहिल्या ढिगावर उभं करतात, पाय पक्के व्हावेत म्हणून. सेवेरोला केलं होतं, त्याच्या भावांना केलं होतं. हुलियानाने नेलिदाचे बूट काढले, दोन्ही हात धरून तिला ढिगावर चढवली आणि आमचं तुडवायचं गाणं म्हणायला लागली. पोरीला गंमत वाटली. ती तुडवायला लागली. उजव्या पायाखाली बटाटा चिरडला जात होता, पाणी निघत होतं. डाव्या पायाखालचे बटाटे तसेच गोल राहत होते. पोर जोर लावत होती, हसत होती.

म्हातारी गाता गाता थांबली. वाकून तिने डाव्या बाजूचा एक बटाटा उचलला. अख्खा होता. तो हातात फिरवत ती उभी राहिली.

"बेनिता, ती थंडीचं नव्हती बोलली," ती म्हणाली.

बेनिता खाली मान घालून तुडवत राहिली.

"माझ्याकडून बांधून दाखवायला लावलं तिने. का?"

"उगाच," बेनिता म्हणाली. "बघायचं होतं तिला."

हुलियानाने नेलिदाला उचलून तिचे पाय शालीच्या टोकाने पुसले, पोटाशी धरले, आणि बूट घातले. काढलेली चकती शाळेतच राहिली होती. तिने आसपास बघितलं, मेंढीच्या पाठीवरून चिमूटभर लोकर उपटली आणि टाचेखाली कोंबली.

बाळ ऑगस्टमध्ये झालं. मुलगी. रडणं दणदणीत, दोन्ही पाय झाडत आली. तिसऱ्या दिवशी हुलियानाने फडकं पसरलं. नवा पट्टा तयार होता, ह्यावर हिरवे पक्षी होते. तिने बाळाचे हात अंगाला लावले, छातीवर दोन वेढे दिले. मग पाय धरायला हात खाली गेले आणि तिथेच थांबले.

बेनिता चटईवर पडून बघत होती. कित्येक आठवडे ती हे वाक्य मनात घोकत होती. "आई, पाय मोकळे राहू द्या," ती म्हणाली.

म्हातारी का म्हणून विचारेल, तर काय सांगायचं तेही तिने जुळवून ठेवलं होतं. म्हातारीने विचारलं नाही. बाळाचे पाय मांडीपाशी दुमडलेले, बेडकासारखे. हुलियाना ते बघत राहिली.

"सेवेरोला मीच बांधला," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याच्या भावांना. कासिमिराला, तिच्या पोराला. सगळे धावतात. मग हिचंच का?"

हे लोरेनाला विचारायचं बेनिताला सुचलं नव्हतं, आणि लोरेना आता परत येणार नव्हती. सेवेरो दारात उभा होता, तो बाहेर निघून गेला. हुलियानाने पट्टा कमरेपाशीच खोचला. अर्ध्याहून जास्त उरला, त्याचं काय करावं ते तिला कळेना. तिने तो मागे टाकला. सैल बांधलेलं बाळ दचकून रडायला लागलं आणि रडतच राहिलं. म्हातारीने आपले दोन्ही हात काखेत घालून घट्ट दाबून धरले.

मागे पट्ट्याचं मोकळं टोक जमिनीवर पडलं होतं. नेलिदा तिच्या त्या चालीने, झुकत झुकत आली आणि ते टोक उचललं. आपला एक निळा बूट काढला, त्याला मांडीवर आडवा घेतला आणि त्याच्याभोवती पट्टा गुंडाळायला लागली. हात लहान, वेढे सुटत होते. दोन-तीनदा सुटल्यावर ती बूट आणि पट्ट्याचं टोक दोन्ही घेऊन आजीच्या पुढ्यात येऊन बसली.

"बाळ झोपत नाही," ती म्हणाली. "घट्ट कर, आजी."

हुलियानाने बूट हातात घेतला. नेलिदा वाट बघत होती. म्हातारीने एक वेढा घातला, तो सोडला, पुन्हा घातला. गाठ काही तिला मारता येईना.